पायथ्याच्या मुलांचं काय?

मराठी बालकुमार पुस्तकांचे प्रकाशक आणि संपादक यांना खुले पत्र



दिवाळीची सुट्टी लागली की दगडविटा रचल्या जातात, जुनं पोतं चिखलात बुचकळून त्यावर पसरलं जातं आणि सोसायटीच्या पार्किंगमागे एक किल्ला उभा राहतो. मोहरी नाहीतर हळीव टाकले की चार दिवसांत हिरवळ. माथ्यावर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, तोफा. हे सगळं लांबूनही दिसतं. पायथ्याशी मुलं जे गाव मांडतात ते मात्र वाकून बघावं लागतं. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, गवळण, भाजीवाली, वासुदेव, बैलगाडी आणि कुठून तरी घुसलेला प्लॅस्टिकचा एक डायनासोर. कुंभाराकडून चित्रं आणताना मुलं मावळ्यांसाठी जेवढी घासाघीस करतात तेवढीच या गावकऱ्यांसाठीही करतात. गडाखाली गाव लागतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

आपण काढता त्या पुस्तकांच्या कपाटात हे गाव जवळजवळ नाही. म्हणून हे पत्र.

त्या कपाटात शिवकाल आहे, पेशवाई आहे, क्रांतिकारकांची चरित्रं आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. नाथमाधव आणि हरिभाऊ आपटे यांच्यापासून पुढे कित्येक पिढ्यांना इतिहासाची गोडी लागली ती अशाच पुस्तकांनी. पण त्यात मूल भेटतं ते बहुधा मोठं होऊन पराक्रम करणार म्हणून. ज्याची शाळा सुटली, ज्याला परक्या ओसरीवर झोपावं लागलं, ज्याच्या आईनं एका भाकरीचे चार तुकडे केले आणि स्वतः पाणी प्यायली, ते मूल इतिहासात असतंच. पुस्तकात येत नाही. गंमत म्हणजे हरिभाऊंनीच ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली आहे. ती मोठ्यांसाठी होती. वाट दिसली होती. त्या वाटेनं मुलांना कुणी नेलं नाही.

मराठीत कठीण काळातलं बालपण नाही असं कुणी म्हणेल तर त्याला मोठ्यांच्या कपाटाकडे न्यावं. ‘स्मृतिचित्रे’ तिथं आहे. ‘बलुतं’ (१९७८) आहे, त्यात कावाखान्यातलं पोर आहे. ‘झोंबी’ (१९८७) आहे, त्यात बापाला शेतावर राबायला हवा असलेला आणि शाळेसाठी जिवाचं रान करणारा मुलगा आहे. ‘उचल्या’ आहे. भारतीय भाषांत आत्मकथनांची इतकी श्रीमंती फार थोड्यांकडे असेल, आणि त्यांतली उत्तम पानं बहुतेक वेळा बालपणाचीच असतात. दहा वर्षांच्या पोरावर गुदरलेलं सगळं आपण चाळिशीच्या वाचकाला वाचायला देतो. दहा वर्षांच्या वाचकाला काय देतो? राक्षस, परी, बोलका ससा, आणि हल्ली पर्यावरण.

अशा बालपणावर मुलांसाठी लिहिलेलं हस्तलिखित परत येतं तेव्हा सोबतचं कारण ठरलेलं असतं. मुलांना दुःखी गोष्टी नकोत, पालक विकत घेणार नाहीत. पालकांचं खरं असेल. मुलांचं तपासून बघायला हवं.

‘तोत्तोचान’चंच बघा. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ मध्ये आलं, नॅशनल बुक ट्रस्टनं ते मराठीत आणलं आणि आज शिक्षकांच्या घराघरांत ते आहे. ते आठवलं की आगगाडीच्या डब्यांतली शाळा आठवते. पण ती गोष्ट युद्धाच्या काळातली आहे आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत ती शाळा जळून जाते. युद्ध तिथं कसं येतं? स्टेशनजवळ पैसे टाकले की कॅरॅमलच्या गोळ्या देणारं एक यंत्र असतं आणि त्यात गोळ्या नसतात. मुली पैसे टाकतात, यंत्र हलवतात, पैसे परत येतात. देशातली साखर संपत चालली आहे हे कुठल्याही आकडेवारीवाचून कळतं. कुठल्याही पालकानं हे पुस्तक दुःखी म्हणून दुकानात परत नेल्याचं ऐकिवात नाही.

किंवा ज्युडिथ कर. बर्लिनमधले नाट्यसमीक्षक आल्फ्रेड कर यांची ही मुलगी. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, वडिलांचं नाव नाझींच्या डोळ्यांवर आलेलं होतं, आणि कुटुंब घाईघाईत देश सोडून गेलं. आधी स्वित्झर्लंड, मग पॅरिस, मग लंडन. पुढे त्यांचा मुलगा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ बघून आला आणि म्हणाला, आई लहान असताना कसं होतं ते आता समजलं. तसं अजिबात नव्हतं! ते सांगायला म्हणून त्यांनी पुस्तक लिहिलं आणि ते १९७१ मध्ये आलं. त्यातल्या ॲनाला एकच खेळणं सोबत न्यायची परवानगी मिळते. ती लोकरीचा नवा कुत्रा उचलते आणि वर्षानुवर्षं कुशीत घेतलेला गुलाबी ससा मागे राहतो. पुढे घरातलं सामान नाझी जप्त करतात, म्हणजे ससा आता हिटलरकडे. छळछावणीचं एकही दृश्य न दाखवता हुकूमशाही म्हणजे काय ते नऊ वर्षांच्या वाचकाला तो ससा सांगतो. ॲनाला पश्चात्ताप होतो तो चुकीचं खेळणं उचलल्याचा. मुलं अशीच हळहळतात, आणि लेखिकेनं ते मोठ्यांच्या शहाणपणानं झाकलेलं नाही.

आता घरच्या अंगणात येऊ.

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालं की रुळाच्या कडेला वळिवडे लागतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत पोलंडचे सुमारे ५००० निर्वासित राहत होते. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. फेब्रुवारी १९४० मध्ये पूर्व पोलंडमधल्या त्यांच्या घरांची दारं सोव्हिएत सैनिकांनी मध्यरात्री ठोठावली, त्यांना मालगाडीत कोंबलं आणि सैबेरिया, कझाकस्तानच्या बाजूला नेऊन टाकलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि या लोकांची सुटका झाली. मग कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून कराची, आणि कराचीहून थेट पंचगंगेच्या खोऱ्यात. त्या बराकींत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती. अकरा वर्षांच्या एखाद्या मुलीनं तोवर बर्फात भुकेनं मेलेली माणसं बघितली होती, आणि आता तिच्यापुढे आंबा होता.

या मुलीची मराठी कादंबरी का असू नये? तिच्यासमोर वळिवड्याचा एक मुलगा ठेवा. तो आईबरोबर छावणीच्या फाटकाशी भाजी विकायला येतो असं धरू. फ्रॉक घातलेली बाई तो जन्मात पहिल्यांदा बघतो. गोरी माणसं म्हणजे साहेब, हेच त्याला ठाऊक. आणि ही गोरी माणसं तर गरीब आहेत, रांगेत उभी राहतात, चार आण्यांसाठी हुज्जत घालतात. त्याच्या डोक्यातला सगळा हिशेबच चुकतो. साम्राज्य, वर्ण, निर्वासितपण, असे मोठे शब्द पुस्तकात कुठंही न वापरता ते सगळं त्या फाटकाशी घडू शकतं.

आणि गोष्ट इथं संपत नाही. युद्ध संपलं तरी या लोकांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांची गावं आता सोव्हिएत हद्दीत होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आणखी कुठं. छावणी रिकामी होत गेली आणि फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं तिथं राहायला आली. आजचं गांधीनगर ते हेच, कापडाच्या बाजारासाठी सगळ्या कोल्हापूर-सांगलीला माहीत असलेलं. म्हणजे त्याच बराकीतून एक मुलगी गेली आणि तिथं दुसरी आली. पहिलीला परत जायला देश नव्हता, दुसरीचा देश रात्रीत परका झाला होता. मधला भाजीवाला मुलगा तोच, फक्त पाच वर्षांनी मोठा. एवढं तयार कथानक दुसऱ्या भाषेत असतं तर त्यावर आतापर्यंत तीन कादंबऱ्या आणि एक सिनेमा झाला असता. (सिनेमात गाणीही असती, तो भाग वेगळा.)

त्याच कोल्हापुरात, त्याच १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं जळाली. व्यंकटेश माडगूळकरांनी त्या काळावर ‘वावटळ’ लिहिली. तीही मोठ्यांसाठी. जळणाऱ्या घरातलं मूल आणि जाळायला आलेल्या जमावातल्या माणसाचं मूल एकाच वर्गात बसत असतील, तर फेब्रुवारीत शाळा भरली तेव्हा त्या बाकावर काय झालं? अवघड आहे लिहायला. कुणाच्याही बाजूनं घोषणा न देता लिहायचं तर आणखी अवघड. पण मुलांच्या पुस्तकानं अवघड गोष्टी टाळायच्या असा काही नियम नाही.

जातीचंही तेच. इथं मिल्ड्रेड टेलर यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६) ही त्यांची कादंबरी १९३३ च्या मिसिसिपीत घडते आणि तिला पुढच्याच वर्षी न्यूबेरी पदक मिळालं. त्यात काळ्या मुलांच्या शाळेत पुस्तकं वाटली जातात. गोष्ट सांगणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ पुस्तक उघडतो. आतल्या पानावर तक्ता असतो: पुस्तक कितव्यांदा दिलं, कोणत्या साली, पुस्तकाची अवस्था काय, विद्यार्थ्याचा वर्ण कोणता. अकरा वेळा गोरी मुलं. अवस्था खालीखाली जाते आणि अगदी टाकाऊ झाल्यावर बाराव्या ओळीत काळ्यांची पाळी येते. सहा वर्षांचं ते पोर पुस्तक जमिनीवर आपटतं. वर्णभेदावर त्या प्रसंगात एकही भाषण नाही.

आपल्याकडे असा तक्ता शोधायला मिसिसिपीला जायला नको. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. तिचं नाव आज भाषणांत येतं, अभ्यासक्रमांत येतं. पण ती शाळेत कशी जात असेल? सकाळी घरून निघताना आईनं काय बजावलं? पहिल्यांदा बोरू हातात घेतला तेव्हा शाई कुठं कुठं सांडली? पुण्याच्या कोणत्या गल्लीतून ती वळसा घालून जायची? हे प्रश्न कादंबरीकाराचे आहेत. चरित्रकार तिथवर पोचत नाही, त्याच्याकडे पुरावा नसतो. कल्पित लिहिणाऱ्याला तिथं जायची मुभा असते आणि तेच त्याचं काम.

दुसरं एक नाव: पांडुरंग बाबाजी गायकवाड. १८९७ चा पुण्याचा प्लेग आपण मुलांना शिकवतो तो रँडचा वध आणि चापेकर बंधू म्हणून. त्याच साली मुंढव्याच्या या मुलाला प्लेगची गाठ आली. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन हडपसरच्या माळावर आपला दत्तक मुलगा डॉक्टर यशवंतराव याच्या दवाखान्यात पोचवलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि सगळीकडे ती सावित्रीबाईंवर संपते, ते रास्तच आहे. पण त्या पाठीवरच्या मुलाला काय दिसत होतं? तापात, मानेशी डोकं टेकून, उलटं मागे पळणारं शेत? बरा होऊन घरी आल्यावर, आपण जगलो आणि त्या गेल्या, हे ओझं त्यानं कुठं ठेवलं? त्याच्या बाजूनं लिहिलेलं शंभर पानांचं पुस्तक असेल तर मुलं सावित्रीबाईंना फोटोतून बाहेर येताना बघतील.

आणि १९७२. हा दुष्काळ तर अजून माणसांच्या बोलण्यात जिवंत आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. आकडा मोठा आहे, त्यानं मुलाला काही कळत नाही. सांगायचं ते असं: आई खडी फोडते. हातोडी, दगड, पायाशी ढीग. ढीग मोजून मजुरी, म्हणून संध्याकाळी मुकादम येईपर्यंत ढीग वाढवायचा. शाळा सुटली की पोरंही टिकाव-पाट्यांच्या गर्दीत. फोडताना कपची उडते, डोळा सांभाळायचा. मग सुकडी मिळते. ती गोड असते आणि ती तिथंच खाऊन टाकायची की धाकट्या बहिणीसाठी सदऱ्याच्या खिशात न्यायची, हा त्या दिवसाचा सगळ्यांत मोठा प्रश्न. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी, तिची घशाखाली न उतरणारी भाकरी. गोठ्यातली जनावरं विकायला निघाली त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोलत नाही. यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला हे शेवटच्या पानावर दोन ओळींत सांगितलं तरी पुरे.

आणखी किती तरी. येडे मच्छिंद्रला नाना पाटलांचं घर सरकारनं जप्त केलं, बाप भूमिगत, आणि हौसा नावाची मुलगी त्यातच वाढत होती. पुढे तिनं पत्री सरकारसाठी काम केलं. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ ला राज्य बदललं, मग पोर्तुगीजमधून शिकणाऱ्या पोराच्या दप्तराचं पुढच्या वर्षी काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. भोंगा वाजेनासा झाला तेव्हा लालबागच्या चाळीतल्या मुलांना सकाळी कुणी उठवलं? किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना, दगडमातीच्या भिंती आणि माळवदं अंगावर आली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं पुण्याला आणून शिकवली. किल्लारीचं ते मूल पुण्यात पहिल्या रात्री छताकडे बघत जागं राहिलं असेल का?

लेखकांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात, आपल्यामार्फत. ऐतिहासिक बालकादंबरीत हमखास होणारी चूक म्हणजे १८५० सालच्या परकरातली मुलगी २०२० सालच्या वक्त्यासारखी बोलते. तिला स्त्रीमुक्ती पाठ असते, जात ती मानतच नाही. असं मूल खोटं वाटतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच समजतं. तिला तिच्या काळाचे गैरसमज असू द्यात. ते एकेक करून गळताना दाखवण्यातच कादंबरी आहे. दुसरी चूक म्हणजे नायकाला दर प्रकरणात एक थोर पुरुष भेटतो. टिळक वाटेत भेटतात, डोक्यावर हात ठेवतात. एवढी थोर माणसं एवढ्या थोड्या पानांत फक्त शाळेच्या स्नेहसंमेलनात जमतात.

तपशिलाचं तर विचारूच नका. १९४३ चा मुलगा आण्यांत हिशेब करतो, रुपयाचे सोळा. नवे पैसे आले १९५७ मध्ये. बीडकडचं पोर पुण्याच्या पेठेतली मराठी बोलत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन ज्यांनी वाचलाय त्यांना माहीत आहे की बेळगावी कानडी वळणाची मराठी कथेच्या आड येत नाही, उलट वाचक त्या गावातच जाऊन बसतो. बोली ‘सुधारून’ घेणारा संपादकाचा लाल पेन अशा पुस्तकांसाठी जरा बाजूला ठेवावा.

एक खंतही नोंदवायला हवी. १९४२ च्या चळवळीत आई उतरते तेव्हा दहा वर्षांच्या अंजलीच्या घरात काय होतं, यावरची ‘अहिंसा’ ही कादंबरी २०१७ मध्ये आली. लेखिका सुप्रिया केळकर. प्रेरणा त्यांच्या पणजी, नागपूरच्या अनसूयाबाई काळे. परदेशी कपडे जाळायला निघालेली आई, आपला आवडता घागरा द्यायचा की नाही यावर अडलेली मुलगी, आणि दलितांचं भलं करायला निघालेल्यांच्याही डोक्यात काय काय भरलेलं असतं याचा हिशेब, हे सगळं त्यात आहे. मराठी घरातून निघालेली ही गोष्ट अमेरिकेत, इंग्रजीत लिहिली गेली. लेखिकेनं ती आपल्या भाषेत लिहिली यात तिचं काहीच चुकलं नाही. प्रश्न इकडे राहिलेल्यांचा आहे.

तेव्हा एक साधी विनंती. पुढच्या वर्षीच्या यादीत अशा दोन पुस्तकांना जागा ठेवा. शंभर-सव्वाशे पानं, चांगला चित्रकार, मागे एक नकाशा, आणि कोणता भाग घडलेला व कोणता रचलेला हे सांगणारं एक पान. ‘बोध’ या मथळ्याखाली काही नको. लेखक मिळत नाहीत म्हणत असाल तर स्पर्धा ठेवा आणि अट एकच घाला: लिहिण्याआधी त्या काळी लहान असलेल्या किमान एका माणसाशी बोलायचं, आणि मोठ्या घटनेबद्दल त्याला शेवटी विचारायचं. आधी विचारायचं की खिशात काय असायचं, पायात काय असायचं, रात्री कुणाशेजारी झोपायचात.

१९७२ मध्ये दहा वर्षांचं असलेलं पोर आता साठी ओलांडून बसलंय. कुठल्या तरी घरात ते नातवंडाला दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती कालवून देत असेल. सुकडीची चव कशी होती ते त्याला नेमकं सांगता येतं. अजून कुणी विचारलेलं नाही.



आपला,
पायथ्याकडून वाचणारा एक वाचक